दोनशे चौदा पाठिंबापत्रं

९ जानेवारी

सगळं बदललं ते आज सकाळी सव्वाअकराला. ऋषिराजशेठच्या गुऱ्हाळावर, चुलवाणाच्या तोंडाशी उभं राहून मेघना मॅडमनी नाकावरचा रुमाल खाली ओढला आणि आबांना विचारलं, "काका, हे तुम्ही किती वर्षं हुंगताय?"

आबांचा हात हवेत थांबला. हातात चपलांच्या कारखान्यातलं रबराचं कातरण. बावीस वर्षं माझा बाप त्या चुलवाणात जळण घालतोय. आधी उसाची चिपाडं होती, पुढं चिपाडं पुरेनात तशी टायरं आली, मग रबर, मग ट्रक भरून प्लास्टिक. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी केला नव्हता. मीपण नाही. आबा म्हणाले, "मोजली न्हाईत, बाई," आणि हसले. हसता हसता खोकले, आणि पुढं बराच वेळ खोकतच राहिले.

मी मात्र तिच्याकडं बघत होतो. कपाळावर, डोळ्यांखाली काजळी बसलेली आणि रुमालाखालचा चेहरा स्वच्छ. एकाच माणसाचे दोन रंग.

ती बारामतीच्या एका संस्थेत आहे, घर जळोचीला. वडील बँकेतून रिटायर. आल्या आल्या आबांना "जय भीम, काका" म्हणाली, म्हणजे आपल्यातलीच. सरकारनं एका कायद्याचा मसुदा काढलाय. भट्ट्यांमध्ये टायर-प्लास्टिक जाळायचं बंद, फक्त चिपाडं, बायोगॅस, सौर वीज असली स्वच्छ ऊर्जा, आणि भट्टी सुधारायला मदत. ज्या गावांतून लोकांचा लेखी पाठिंबा येईल ती पहिल्या टप्प्यात. बाकीची तीन वर्षांनी.

"गावातलं कुणी मदतीला मिळेल का?" तिनं विचारलं.

"मी आहे ना."

"काय करतोस?"

"बी.एस्सी. सेकंड इयर."

करत होतो, असं म्हणायला पाहिजे होतं.

११ जानेवारी

कॉलेजचं एकदा लिहूनच टाकतो. प्रॅक्टिकलला एक जण माझ्या शेजारचा स्टूल उचलून लांब गेला आणि म्हणाला, "याच्या अंगाला जळक्या टायरचा वास येतो." मी त्याचं नाक फोडलं. माफीपत्र लिहून दे म्हणाले. मी पिशवी उचलली आणि यष्टीत बसलो. घरी सांगितलं, शिकवत नाहीत नीट.

आबांचं हल्ली काहीतरीच चाललंय. कामावरून आले की सदरा बाहेर लिंबावर टाकतात, दारातच दोन-दोनदा साबण लावतात, मग आत येतात. आईला म्हटलं, म्हातारपण आलं वाटतं. तिनं दारात साबणाची नवी वडी नेऊन ठेवली.

जेवताना कायद्याचं सांगितलं. आबा म्हणाले, "धूर बंद झाल्यावर मी काय पेटवू? घरातली चूल? ती तर तुझी आय मला पेटवू देत न्हाय."

"तुमचं काम जात नाही आबा. चिपाडं जाळायचीच आहेत. मॅडम म्हणाल्या."

"मॅडम म्हनल्या," आबा आईला म्हणाले. आणि दोघं माझ्याकडं न बघता हसली. यात हसण्यासारखं काय होतं?

१६ जानेवारी

मॅडमनी नीट समजावून सांगितलं. पत्रावर नाव, गट नंबर, सही. "शक्यतो खातेदारांची घे, बुद्धभूषण. जमीन असलेल्या माणसाच्या शब्दाला तिथं वजन असतं." गावात मला सगळे बुधा म्हणतात, चिडले की बुध्या. पूर्ण नाव फक्त ती घेते.

मी मोबाइलवर सगळ्या गावाचे सातबारे उघडले आणि खातेदारांची नावं पत्रांवर आधीच घालून ठेवली. माझी आयडिया. त्यामुळं दारात गेलं की फक्त सही. एका दिवसात एकतीस.

विजयमाला काकूंकडं गेलो तर त्या उसाला पाणी देत होत्या. गुऱ्हाळाची पहिली काजळी त्यांच्याच वाळवणावर पडते. पदराला हात पुसले आणि गट नंबर एकशेबारा, सावळाराम, अशी लफ्फेदार सही ठोकली. शेवटच्या म ला खाली उकारासारखं शेपूट.

"काकू, डिट्टो काकांची."

"पंधरा वर्सं झाली त्यास्नी जाऊन. सही म्या जिती ठिवलीय. सोसायटीत, पाणीपट्टीला, सगळीकडं हीच चालती. सातबाऱ्यावर तेच हायेत नव्हं?"

बरोबरच आहे. सातबाऱ्यावर जे नाव तेच खरं. वारस नोंद करायला कुणाला सवड आहे? अर्ध्या गावाचे बाप-आज्जे अजून सातबाऱ्यावर नांदतायत.

१९ जानेवारी

आमच्या घरचं पत्र सगळ्यांत शेवटी घेतलं. अर्धा एकर, गट एकशेचाळीस, नाव अजून आज्ज्याचं. पेन पुढं केलं तर आबांनी बाजूला सारलं.

"तुजा आज्जा अंगठाबहाद्दर. सही केली तर खोटी ठरंल. शाई आण."

आबांना सही येते, सातवी झालेत. तरी डाव्या हाताचा अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला आणि नीट उमटला का ते उजेडात धरून बघितलं. अंगठ्याला आधीच काळ्या भेगा आहेत, शाईची गरजच नव्हती.

"पटलं का मग तुम्हाला कायद्याचं?"

"तू येवढा हिंडतोयस. घरचंच न्हाय म्हनलं तर तुझं त्वांड र्‍हाईल का तिच्याम्होरं?"

म्हणजे आबांना पण ती पसंत आहे.

२४ जानेवारी

दोनशे चौदा. सबंध तालुक्यात एका गावाची एवढी पत्रं नाहीत. मॅडम फाट्यावर घ्यायला आल्या. गठ्ठा हातात घेतला आणि नुसत्या बघत राहिल्या. "बुद्धभूषण, तू कमाल आहेस." हे वाक्य मी घरी येईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणत आलो.

गाडी चालवायला संस्थेतले अनुप सर होते. सज्जन माणूस. निघताना तिच्या खांद्यावर राख पडली होती ती त्यांनी हलकेच झटकली. मोठ्या संस्थांमध्ये स्टाफची अशी काळजी घेतात, शिकण्यासारखं आहे.

मी ठरवलंय. सुनावणी झाली, गाव पहिल्या टप्प्यात आलं की विचारणार. कॉलेजलाही परत जाईन. माफीपत्र लिहीन एक वेळ.

२ फेब्रुवारी

आबांना चार दिवस ताप. तरी कामावर. आज आईनं जबरदस्तीनं बारामतीला नेलं. फोटो काढला छातीचा. डॉक्टर काय म्हणाले विचारलं तर आई म्हणे, "इश्रांती घ्या म्हनले." आबा म्हणे, "फोटू चांगला आलाय, हसरा." मी कामात होतो, सुनावणीची तयारी.

ऋषिराजशेठनी वाटेत गाडी थांबवली. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठा, पण गुऱ्हाळ हातात आल्यापासून शेठ. म्हणाला, "बुधा, आधी मला विचारायचंस तरी. मी काय हौसेनं रबर जाळतोय? चिपाडं आण कुठून तरी, उद्या बंद करतो. तुज्या बापाला मी दोनदा म्हनलं, मागं ये, ढेपा बांधायच्या कामाला ये. त्योच ऐकंना. तितं पगार कमी पडतो म्हनला, पोरगं शिकतंय."

मी म्हटलं, "आमच्या घरातलं आम्ही बघू. तुम्ही धुराचं बघा."

चांगलं सुनावलं त्याला.

६ फेब्रुवारी



सुनावणी इंदापूरला एका मंगल कार्यालयात होती. पाच गावची माणसं. स्टेजवर अधिकारी, बाजूला कारकून. मेघना मॅडमनी आमच्या गावचा गठ्ठा पुढं ठेवला तेव्हा मी ताठ बसलो होतो. आबा नको म्हटलं तरी आले, धुवट सदरा घालून, मागच्या रांगेत आईजवळ.

ऋषिराजशेठ उठला. हातात कचेरीतून मिळवलेली आमच्या गठ्ठ्याची झेरॉक्स आणि ग्रामपंचायतीतून काढलेली मृत्यूची यादी.

"साहेब, गट एकशेबारा, सावळाराम. सही बघा, काय झोकदार हाय. हे गृहस्थ वारून पंधरा वर्सं झाली. तिरडीला माज्या बानं खांदा दिलाय."

हसणं सुरू झालं. तो वाचत गेला. एकेक नाव, एकेक साल. एकसष्ट. मागून आमच्याच गावचा झुंबर तात्या ओरडला, "आरं, मेलेल्यास्नी बी धूर सोसंना झालाय, म्हून उठून सह्या केल्या आसत्याल!" सगळं कार्यालय खदखदलं. विजयमाला काकूंनी पदर डोळ्यांपर्यंत ओढला.

"गट एकशेचाळीस. अंगठा. बुधा, तुजा आज्जा कधी रं गेला? माज्या जन्माच्या आधी ना?"

अधिकारी चष्म्यावरून बघत म्हणाले, "ही पत्रं ग्राह्य धरता येणार नाहीत. सगळा गठ्ठाच संशयास्पद आहे. या गावातून हयात असलेलं कुणी तोंडी बोलणार आहे का?"

आणि आबा उठले.

पुढं आले. माइक धरला. "साहेब, मी श्रीपती. मी त्या चुलवाणावर..." एवढंच. खोकला लागला. माइकमधून तो सगळ्या कार्यालयात घुमला. आधी कुणीतरी हसलं, मग हसणं थांबलं. आबा वाकले, एका हातानं टेबल धरलं, दुसरा हात वर करून थांबा-थांबा अशी खूण करत राहिले. म्हणजे बोलायचं आहे. अधिकारी थांबले, नाही असं नाही. पण खोकला थांबेना. शेवटी आईनं त्यांना धरून खाली बसवलं. कारकुनानं लिहिलं आणि वाचून दाखवलं: तोंडी निवेदन, निरंक.

ऋषिराज पाण्याची बाटली घेऊन आबांकडं आला. झाकण उघडून पुढं केली. मला वाटलं, खिजवतोय. मी बाटली उडवली आणि त्याच्या तोंडावर ठोसा दिला. मग काय, खुर्च्या, ओढाओढ, पोलिस. आबा खाली बसूनच "बुधा, न्हाय... बुधा, न्हाय..." म्हणत होते.

जाताना अधिकारी म्हणाले, पंचवीस तारखेपर्यंत दुरुस्त पत्रं आणा. हयात माणसानं, स्वतःच्या नावानं.

मेघना मॅडम सरळ गाडीत जाऊन बसल्या.

८ फेब्रुवारी

घरोघर फिरलो. दारं अर्धीच उघडतात. मेलेल्याची सही केली म्हणून केस होणार अशी आवई उठलीय. विजयमाला काकू म्हणाल्या, "बाबा, मला बाईमाणसाला कोडतात नगं नेऊस. आन् त्यांचं नाव भर सभेत हसण्यावारी गेलं, त्ये मला लई लागलं." मी त्यांच्यावरच ओरडलो. सही तुम्ही केली, मी केली काय, असं म्हणालो.

हे मी म्हणालो.

१३ फेब्रुवारी

आबा बारामतीच्या दवाखान्यात. नाकात नळी. डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलले. दोन तारखेलाच त्यांनी आईला सगळं सांगितलं होतं. फुप्फुसं किती उरलीत, तेही. विश्रांती घ्या एवढंच म्हणाले नव्हते.

आईवर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती म्हणाली, "त्यांनीच शपत घातली. पोराची सुनावनी होऊ दे म्हनले."

ऋषिराज शहाळी घेऊन आला होता, ओठाला टाके. मी उठून बाहेर गेलो. खिडकीतून बघितलं, तो आबांच्या पायाशी बसला होता आणि आबाच त्याला काहीतरी सांगत होते. ऋषिराज मान हलवत होता. पोलिसांत त्यानं अजून तक्रार दिलेली नाही.

मेघना मॅडमपण येऊन गेल्या, अनुप सरांबरोबर. म्हणाल्या, "चूक माझीपण आहे. खातेदारांची आण, हे मीच सांगितलं. शहरात वाढलेय, सातबाऱ्यावर मेलेली माणसं असतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही." मला तिच्यावर राग धरताच येत नाही. तळहातावर मेंदी होती, कुणाच्या तरी लग्नाला जाऊन आली असेल. अनुप सरांच्या बोटात नवी अंगठी. संस्थेचं बरं चाललेलं दिसतंय.

१७ फेब्रुवारी

आबा आज शुद्धीवर होते. आवाज बारीक, पण नीट.

"कागुद आणलास का नवा?"

"असू दे आबा."

"आण म्हन्तो ना."

पिशवीतून काढला. सवयीनं वर नाव घातलेलं होतं तेच.

"वाच. नाव कुणाचं घातलंस?"

"आज्ज्याचं. गट..."

"खोड त्येला. माजं घाल. मी हाय आजून."

खोडलं. त्यांनी पेन मागितलं. आईनं पाठीला हात दिला, मी वही खाली धरली. श्री, प, ती. प्रत्येक अक्षरानंतर नळीतून दम घेतला. आयुष्यात मी त्यांची सही पहिल्यांदा बघितली. सुरेख आहे, शाळेतल्या फळ्यावर असते तशी.

मग म्हणाले, "कालिजात परत जा."

"जाईन. तिथं शिकवत नाहीत म्हणून..."

"त्या पोरानं तुला काय म्हनलं त्ये मला ठावं हाय. दुसऱ्याच दिवशी यष्टीत कळलं. म्हून मी सदरा भाईर टाकत हुतो. साबनानं जाईना की रं त्यो वास."

मी पेनाला टोपण लावत बसलो. बोलायला हवं होतं. आबा, तो वास मला कधी आलाच नाही, तो माझ्यासाठी तुमचाच वास होता, असं काहीतरी. सुचलं ते दवाखान्याच्या जिन्यावर. वर परत गेलो तर ते झोपले होते. उद्या सांगू म्हटलं.

२० फेब्रुवारी

पहाटे आबा गेले.

२३ फेब्रुवारी

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी ठेवलाय. भंतेजींना सांगून आलो. वाट गुऱ्हाळावरून जाते. आबांच्या जागेवर दुसरा माणूस आहे, बाहेरगावचा, माझ्याच वयाचा. चुलवाण एक दिवससुद्धा थंड पडलं नव्हतं म्हणे. त्या माणसानं तोंडाला आपलाच गमछा बांधला होता. आबा कधी काही बांधायचे नाहीत, तंबाखू थुंकायला अडचण होते म्हणायचे.

फोनवर एक पत्रिका आली. मेघना आणि अनुप, मार्चमध्ये, जळोचीला. वाचली. एवढ्या महिन्यात सगळं डोळ्यांसमोर होतं की. रडू आलं, पण ते तिच्यासाठी नव्हतं. तिच्यासाठी यायला हवं होतं तेही आबांनीच घेतलं.

२४ फेब्रुवारी

विजयमाला काकू आईजवळ येऊन बसल्या.  आई गहू निवडत होती, काकूंनी पण मूठभर पुढं ओढून घेतले. मी काकूंच्या पाया पडलो. त्या दिवशी बोललो ते चुकलो म्हणालो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, गव्हाच्या धुळीनं माखलेला.

उठताना म्हणाल्या, "त्यो कागुद हाय का रं एखादा?"

दिला. त्यांनी पेन टेकवलं आणि थांबल्या. "माझी सही कशी असती?" मला विचारतायत. "पंधरा वर्सं त्यांची करून माझीच इसरले बघ." शेवटी शाळेतल्या पोरीसारखं एकेक अक्षर जोडून विजयमाला असं लिहिलं. शेपूट नाही, काही नाही.

दुपारी झुंबर तात्या स्वतःहून आला. ओट्यावर बसून राहिला, तंबाखू मळत. "बुधा, मी सभेत हासवलं. तुजा बा खोकायच्या आधी हासवलं, पर हासवलं." त्यानंही सही केली. त्याच्या मागं त्याची भावकी. संध्याकाळी गुऱ्हाळावरचा तो नवा माणूस आला. मराठी तोडकं. सही येते म्हणाला, त्याच्या भाषेत चालेल का? म्हटलं, नाव तुझं पाहिजे, बाकी काही नको.

दोनशे चौदातून एकोणीस झाली. आबांचं धरून वीस.

२५ फेब्रुवारी, सकाळ

आज शेवटची तारीख. अकराच्या आत इंदापूरला पोचायचं आहे.

पत्रं लावून घेतली. माझं, आईचं, काकूंचं. आईनं कालच स्वतःचं नाव लिहिलं होतं, रंगुबाई. आज कागद परत आपल्याकडं ओढून पुन्हा एकदा बघितलं. मग आबांचं हातात आलं. खाली तारीख, सतरा. ते सतराला होते. बोलले, रागावले, पेन मागून घेतलं. सगळ्या गठ्ठ्यात याच्याइतकी खरी सही दुसरी नाही.

पण नियम आहे, हयात माणसानं.

आई म्हणाली, "त्यांनी जितेपनी केलीय. त्ये खोटं कसं व्हईल? दे त्ये बी."

"आई, तिथं पुन्हा कुणीतरी यादी घेऊन उभं राहील. श्रीपती, वारले वीस तारखेला, असं वाचतील. पुन्हा कुणीतरी हसेल. आणि त्या एका नावापायी बाकीची एकोणीस जातील."

"मग त्यांनी केली ती कशापायी?"

 महिन्याभरापूर्वी असतं तर मी ते पत्र घातलंच असतं, वर भांडलोही असतो. आज गठ्ठ्यातून ते बाजूला काढताना कागद फाटू नये म्हणून दोन्ही हातांनी काढलं. आईनं ते माझ्याकडून घेतलं, पदरानं पुसलं, घडी न घालता मांडीवर धरून बसली आहे. मी लिहितोय आणि ती त्या तीन अक्षरांवरून बोट फिरवतेय.

एकोणीसनं गाव पहिल्या टप्प्यात येईल का, माहीत नाही. मेघना मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, अवघड आहे, पण आण. आवाज रडका होता. मी म्हटलं, आणतो.

बाहेर वारं आमच्या घराकडं फिरलंय. गुऱ्हाळ पेटलंय आणि काळा पट्टा लिंबावरून सरळ ओट्यावर उतरतोय. आई उंबऱ्याच्या आतच बसलीय, म्हटलं, आणखी आत सरक. ती हलली नाही.

वही ठेवतो. पिशवीत एकोणीस पत्रं. आईच्या अंगावर धूर नको म्हणून जाताना दार बाहेरून घट्ट ओढून लावतो.